संसार जड झाला असतां गांवांत कोणाकडे जावें

आपल्या संघाच्या या मासिकांत बीं-बियाणें, खतें, कीड आणि बाजारभाव यांविषयीं दर महिन्यास उपयुक्त मजकूर येतो व तो मी वर्षानुवर्षें आवडीनें वाचीत आलों आहें. आजचा माझा विषय पिकाचा नसून पीक काढणाऱ्या माणसाचा आहे. रोजचा व्यवहार पेलवेनासा होतो, सकाळीं उठून शेताकडे पाऊल टाकणेंहि नकोसें वाटतें, दारांत आलेलें पाकीट फोडण्याचा धीर होत नाहीं, अशी वेळ पुष्कळांवर येते. त्या वेळीं आपल्याच गांवांत व तालुक्यांत आधार कोठें मिळतो, तो कसा मागावा, आणि न मागणाऱ्यास तो कसा पोंचवावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मी कोणी विद्वान नव्हे. गांवच्या मराठी शाळेंत शिकलेला, महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां घरची सहा एकर जमीन पाहणारा मनुष्य आहें. जें पाहिलें व भोगलें तेंच लिहितों.

नोकरीचीं शेवटचीं आठ वर्षें मी ज्या तहसील कचेरींत होतों तेथें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून जात. अशा कुटुंबास शासनाकडून एक लाख रुपये साहाय्य मिळतें. परंतु प्रकरण पात्र कीं अपात्र हें ठरविण्यासाठीं आधीं चौकशी होते. त्या कागदांत मयताचें नांव, गांव, गट क्रमांक, खाते-उताऱ्यावरील क्षेत्र, कोणत्या बँकेचें वा सोसायटीचें किती देणें, नोटीस आली होती कीं काय, गेल्या हंगामांत काय पिकलें, हें सारें बारकाईनें भरावें लागे. मात्र शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत हा मनुष्य आपलें दुःख कोणाजवळ बोलला होता काय, असा रकाना मला त्या कागदांत कधीं आढळला नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें देशांत शेतीवर पोट असलेल्या ११,२९० माणसांनीं आत्महत्या केली. त्यांपैकीं ४,२४८ आपल्या महाराष्ट्रांतील. इतक्या रकान्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हां लोकांस तो एक रकाना सुचला नाहीं.

एक प्रकरण सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. चाळिशींतील एक खातेदार माझ्या खिडकीशीं तीन वेळां आला होता. सातबारा संगणकावर घेतांना त्याच्या बापाचें नांव चुकीचें पडलें होतें. त्यामुळें आधार कार्डाशीं तें जुळेना व पीककर्ज मिळेना. अशी लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ खालीं दुरुस्त होते व काम फारसें अवघड नसतें. पहिल्या वेळीं मीं त्यास जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल आणावयास सांगितलें. दुसऱ्या वेळीं नकलेवर शिक्का नव्हता म्हणून परत पाठविलें. तिसऱ्या वेळीं साहेब दौऱ्यावर होते. प्रत्येक वेळीं मी नियमाप्रमाणेंच बोललों. तिसऱ्या खेपेस तो खिडकीशीं बराच वेळ उभा राहिला. कांहीं बोलेल असें वाटलें, पण मागें रांग होती व मीं पुढच्यास हांक मारली. दोन महिन्यांनीं त्याचें प्रकरण माझ्या टेबलावर आलें. बापाचें नांव त्या कागदांवरहि चुकीचेंच उतरलें होतें. त्यावरून तर मीं त्यास ओळखलें.

त्याच्या मरणास मी कारण झालों असें मी म्हणत नाहीं. असल्या गोष्टीस एकच एक कारण कधीं नसतें. परंतु त्याच्या ओझ्यांत तीन खेपांची भर मीं घातली, आणि तीन खेपांत एकदांहि त्यास बसा म्हटलें नाहीं, पाणी विचारलें नाहीं, हें मला अद्याप टोंचतें.

लोकांची समजूत अशी कीं मनुष्य खचतो तो एखाद्या मोठ्या आघातानें. माझा अनुभव निराळा आहे. मोठा आघात सर्वांस दिसतो, चार माणसें धांवून येतात. सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत व सोलापुराकडे अतिवृष्टि होऊन उभीं पिकें गेलीं, नदीकांठच्या जमिनी खरडून गेल्या, तेव्हां दूरदूरच्या जिल्ह्यांतून धान्याच्या व चाऱ्याच्या गाड्या आल्या. पण पेरणीच्या तोंडावर मोटर जळते, त्याच आठवड्यांत म्हैस आटते, मुलीच्या वसतिगृहाची फी भरावयाची असते, म्हातारीचें औषध संपतें, आणि कचेरींतून कागद परत येतो, तेव्हां कोणाच्याहि गाड्या येत नाहींत. यांतील एकेक गोष्ट एकेकटी आली असती तर त्याच माणसानें ती हंसत निभावली असती. त्या एकत्र आल्या म्हणजे कोणती आधीं हातीं घ्यावी हें कळेनासें होतें, आणि मग तो एकहि हातीं घेत नाहीं. शेजारी म्हणतात, आळशी झाला.

अशा माणसाचीं लक्षणें गांवास दिसतात, फक्त कोणी त्यांची बेरीज करीत नाहीं. दूध घालावयास तो स्वतः येईनासा होतो, मुलास पाठवितो. पारावर बसत नाहीं. भजनांत टाळ धरणारा कोपऱ्यांत बसूं लागतो, मग येतच नाहीं. रात्रीं उशिरापर्यंत दिवा, सकाळीं उशिरापर्यंत दार बंद. न पिणारा पिऊं लागतो. क्वचित् एखादा उलट एकाएकीं शांत होतो, देणीं-घेणीं मिटवितो, जवळची वस्तु दुसऱ्यास देऊन टाकतो. हें लक्षण सर्वांत वाईट समजावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. शेतकरी मदत कां मागत नाहीं? मदत करणारे नसतात म्हणून नव्हे. मागितली म्हणजे मिंधेपणा येतो, आणि गांवांत मिंधा होऊन राहणें हें जमीन बाळगणाऱ्या माणसास सोसत नाहीं. आपल्या वाडवडिलांस ही गोष्ट पुरती ठाऊक होती. म्हणून त्यांनीं जी पद्धत बसविली तींत दान नव्हतें, फेड होती. ज्याच्याजवळ एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशीं वारंगुळा करी: एक दिवस जोडी याच्या शेतांत, एक दिवस त्याच्या. मनुष्यबळाची अदलाबदल तिला कोठें सावड म्हणत, कोठें पैरा. तूं माझ्या खुरपणीस ये, मी तुझ्या मळणीस येतों. पैरा फेडावयाचा राहिला तर तो मनुष्य स्वतःच अस्वस्थ होई. आणि ज्याचें काम फारच मागें पडलें, घरांत आजार असे, बैल मेला असे, किंवा बाई एकटी मागें राहिलेली असे, तिच्यासाठीं इर्जिक होई. ठरल्या दिवशीं पहाटे आठ-दहा औतें त्या शेतांत उतरत, भलरीच्या सुरांत दुपारपर्यंत रान उलथून निघे, व त्या घरानें आपल्या ऐपतीप्रमाणें सर्वांस जेवूं घालावें, कोठें पुरणपोळी, कोठें मटण-भाकरी. त्या जेवणाचें महत्त्व फार मोठें होतें. ज्याचें काम झालें तोच त्या दिवशीं यजमान असे, याचक नसे.

ट्रॅक्टर आला तेव्हांपासून हें मोडलें. ट्रॅक्टरास तासाचा पैसा द्यावा लागतो. त्यास पैरा फेडतां येत नाहीं. ट्रॅक्टर नको असें मी म्हणत नाहीं, माझ्याहि शेतांत तोच चालतो. परंतु बैलांबरोबर जी एक वाट होती, मान न वांकवितां शेजाऱ्याचा हात धरण्याची, ती बुजली. आणि तिच्या जागीं आपण दुसरी पाडली नाहीं. आज एखाद्याचें काम अडलें तर त्यास दोनच मार्ग दिसतात: पैसे टाकणें किंवा हात पसरणें. पैसे नसतात आणि हात पसरवत नाहीं.

हें मी पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. ज्या वर्षीं मी निवृत्त झालों त्याच वर्षीं भाद्रपदांत माझ्या कुटुंबास अर्धांगाचा झटका आला. मुलगा पुण्याकडे कारखान्यांत. त्यास चार दिवसांपेक्षां अधिक रजा नव्हती. माझे निवृत्तिवेतनाचे कागद एका सहीसाठीं अडकले होते, म्हणजे दुसऱ्यांचे कागद अडविणाऱ्यास त्याच दुखण्याची चव मिळाली. दवाखान्याच्या खेपा, घरांतील उठबस, म्हशीचें धारपाणी आणि कापून टाकलेलें सोयाबीन. आभाळ भरून येई, गंजीवर टाकावयास ताडपत्री घरांत होती, पण ती नेऊन घालण्याचें मला सुचत नसे. ओसरीवर बसून मी नुसता आभाळाकडे पाहत राहीं. कोणी विचारलें तर ठीक आहे म्हणून सांगें. चाळीस वर्षांच्या आंत-बाहेर कचेरीचा मान घेतलेला मनुष्य; शेजाऱ्यास माझी गंजी झांक असें कोणत्या तोंडानें म्हणणार?

एके संध्याकाळीं शेजारचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनीं लहान असलेला एक शेतकरी आला. त्यानें माझी विचारपूस केली नाहीं. म्हणाला, "भाऊसाहेब, बहिणीच्या हक्कसोडीचा कागद करावयाचा आहे, एवढा मसुदा वाचून द्या. मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं." मीं चष्मा लावला, तासभर वाचलें, दोन चुका काढून दिल्या. बऱ्याच दिवसांनीं डोकें चाललें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों माझ्या रानांत तो, त्याचे दोन भाऊ व धाकटा पुतण्या. गंजी झांकलेली, भोंवतीं चर काढलेला. त्याची बायको म्हशीची धार काढून दूध घालून आली होती. मी पैसे घेऊन गेलों तेव्हां तो म्हणाला, "काल कागदाचे पैसे तुम्हीं घेतलेत का?" मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें पांच आठवडे माझें रान व जनावर त्या घरानें पाहिलें आणि मीं त्यांचे, मग त्यांच्या पाहुण्यांचे, कागद पाहिले. कागदाची त्यास खरोखर किती घाई होती, हें मीं आजपर्यंत त्यास विचारलेलें नाहीं.

यावरून मदत पोंचविण्याची रीत ध्यानांत यावी. खचलेल्या माणसाकडे जातांना त्याच्यापाशीं जें आहे त्याची मागणी घेऊन जावें. कोणास कलम बांधतां येतें, कोणास मोटर खोलतां येते, कोणास हिशेब येतो, कोणाचा आवाज चांगला असतो. तें आधीं मागावें, मग आपलें द्यावें. "कांहीं लागलें तर सांग" हें वाक्य सर्वजण म्हणतात. त्याचा उपयोग मला तरी झाला नाहीं, कारण काय लागतें हेंच सांगण्याची शक्ति त्या वेळीं नसते. "उद्यां सकाळीं सातला मी फवारणीस येतों, पंप कोठें आहे तें दाखव," असें बोलावें. "मन घट्ट कर", "लोकांचें याहून वाईट आहे" असलें तर मुळींच बोलूं नये.

आणि जो स्वतः त्या ओझ्याखालीं आहे त्यानें काय करावें? सगळें ओझें एकाच माणसापुढें टाकूं नये व सगळें उचलील असा मनुष्य शोधीत बसूं नये. असा मनुष्य गांवांत नसतो. ओझ्याचे वांटे करावे. शेताचें काम सावडीनें निघतें, तें वर आलेंच. राहिले कर्ज, कागद आणि मन.

कर्जाबाबत पहिली गोष्ट ही कीं सर्व देणीं एका कागदावर, दुसऱ्या माणसासमोर बसून लिहावीं. एकट्यानें रात्रीं केलेला हिशेब नेहमीं खऱ्यापेक्षां मोठा निघतो. सोसायटीच्या गटसचिवाकडे थकल्यानंतर नव्हे तर थकण्यापूर्वीं जावें. दुष्काळ जाहीर झाला असतां काय सवलती मिळतात हें पुष्कळ खातेदारांस ठाऊक नसतें. सन २०२३ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हां जमीन महसुलांत सूट, सहकारी कर्जाचें पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलांत शेंकडा ३३.५ सूट आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा-शुल्काची माफी, इतक्या गोष्टी त्यांत होत्या. ज्यांनीं विचारलें नाहीं त्यांतले पुष्कळजण वसुलीच्या भीतीनें दार लावून बसले होते.

खाजगी सावकाराचें देणें असेल तर सन २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम माहीत असावा. परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर सालीना शेंकडा ९ व विनातारण कर्जावर शेंकडा १२ यांहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारांत जमीन लिहून घेतली गेली असेल तर पंधरा वर्षांच्या आंतील व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करितां येतो व चौकशीअंतीं जमीन परत मिळूं शकते. तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरींत याची वाट दाखवितात. मात्र तेथें एकट्यानें जाऊं नये. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांच्या विरुद्ध दंगा उसळला, त्याची झळ नगर जिल्ह्यासहि लागली, व पुढें सन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यांत धनको व ऋणको यांमध्यें समेट घडविणाऱ्या गृहस्थांची योजना होती. ती योजना पुढें राहिली नाहीं. पण देणेकरी व घेणेकरी यांच्यामध्यें तिसरा शहाणा मनुष्य बसावा ही त्यांतील गोष्ट मला अजून खरी वाटते. हा तिसरा मनुष्य पुढारी नसावा. त्याचें उपकाराचें व्याज सावकाराहून जबर असतें.

कागदाविषयीं मीं जन्मभर काम केलें, म्हणून थोडें अधिक लिहितों. घरांतील कर्ता गेल्यावर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसाची वर्दी द्यावी. सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा, मुलगे, मुली व मयताची आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. असें असून विधवेचें नांव गाळून दिरांनीं वर्षानुवर्षें उतारा आपल्याकडे ठेवल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. नांव लागलें नाहीं तर तिला पीककर्ज नाहीं, विमा नाहीं, नुकसानभरपाई नाहीं. आणि ती भावकीच्या विरुद्ध एकटी उभी राहूं शकत नाहीं. तिच्याबरोबर बचत गटांतील दोघी-तिघींनीं कचेरींत जावें. एकटी बाई आली म्हणजे उद्यां या म्हणणारा कारकून तिघी आल्या म्हणजे खुर्ची पुढें करितो. हें मी आंतल्या बाजूनें सांगतों आहें. वाद झालाच तर तालुका विधि सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. सन १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रियांस त्यासाठीं उत्पन्नाची अट नाहीं. या कामाचा दूरध्वनि क्रमांक १५१०० आहे.

बचत गटाचा विषय निघाला म्हणून सांगतों, बायकांचें ओझें आपण पुरुष मोजीतच नाहीं. शेतांत अर्धें काम तिचें, घरांत सगळें तिचें, आणि नवरा खचला म्हणजे त्याची राखणहि तिचीच. ती कोणाजवळ बोलते? पाण्यावर, नाहींतर गटाच्या बैठकींत. त्या बैठकीस उशीर झाला म्हणून घरांत आवाज चढवूं नये.

आतां मन. हा भाग लिहितांना मला संकोच वाटतो, पण गाळला तर लेख खोटा होईल. गंजी झांकली गेली, सोयाबीन घरांत आलें, कुटुंब काठी धरून चालूं लागलें, तरी माझी झोंप परत आली नाहीं. पहाटे तीनला डोळे उघडत व आपण नसतों तर बरें, असें वाटे. आमच्या आळींतील आशा कार्यकर्ती, नात्यानें माझी सूनच लागते, कुटुंबास पाहावयास येई. तिनें एक दिवस मलाच विचारलें, "मामा, जेवण जातंय का? झोप लागते का? जीव नकोसा वाटतो का?" शेवटचा प्रश्न कोणी मला तोंडावर विचारील असें वाटलें नव्हतें. विचारला म्हणून मीं खरें सांगितलें. तसें विचारल्यानें वाईट विचार डोक्यांत शिरतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची असल्याचें डॉक्टर लोक सांगतात व माझाहि अनुभव तसाच आहे. विचारल्यानें तो विचार बाहेर निघतो.

तिनें मला १४४१६ हा क्रमांक दिला. टेली-मानस नांवाची ही सरकारी सेवा सन २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. ती रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहींत व मराठींत बोलतां येतें. मी शेताच्या बांधावर जाऊन बोललों, कारण घरांत बोलण्याची लाज वाटत होती. त्यांनीं जिल्हा रुग्णालयांत मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जावयास सांगितलें. सात महिने गोळ्या घेतल्या. त्या सरकारी रुग्णालयांतून फुकट मिळाल्या. मी वेडा ठरलों नाहीं, माझी सही अमान्य झाली नाहीं, आणि माझ्या घराण्याच्या सोयरिकी अडल्या नाहींत. या तिन्ही भीत्या मला होत्या म्हणून मुद्दाम लिहितों.

गांवच्या माणसांनींच गांवच्या माणसांस विचारल्यानें किती फरक पडतो याचा एक प्रयोग अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत झाला. त्याचें नांव विश्राम. तेथें गांवपातळीवरील साध्या कार्यकर्त्यांस शिकवून तयार केलें होतें. मनाच्या नैराश्यानें आजारी असलेल्यांपैकीं कोणाचा तरी सल्ला वा उपचार घेणारे आधीं शेंकडा ४ च्या सुमारास होते, ते अठरा महिन्यांनीं शेंकडा २७ झाले; आत्महत्येचा विचार मनांत येऊन गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा ५ वरून सुमारें अडीचवर उतरलें. सन २०१७ मध्यें लॅन्सेट सायकिअट्री या वैद्यकीय मासिकांत हे आंकडे प्रसिद्ध झाले. विदर्भ व मराठवाडा मिळून चौदा जिल्ह्यांत शासनानेंहि सन २०१५ च्या सुमारास प्रेरणा प्रकल्प या नांवानें आशा कार्यकर्तींकडून अशीच घरोघर विचारपूस सुरू केली होती.

एखाद्या घरीं प्रसंग अगदीं कडेलोटाचा दिसला तर त्या माणसास एकटें ठेवूं नये. पाळीपाळीनें दोघांनीं सोबत राहावें. फवारणीचीं औषधें त्या घरांतून उचलून शेजाऱ्यानें आपल्याकडे कुलपांत ठेवावीं, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पोलिसांच्या भीतीनें कोणी असा प्रकार लपवूं नये. पूर्वीं असा प्रयत्न गुन्हा समजला जाई. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, जो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे, अशा माणसावर कमालीचा ताण होता असें गृहीत धरून शिक्षेऐवजीं उपचार देण्याचें ठरविलें आहे. लपविण्यांत गेलेला तास परत मिळत नाहीं. तसेंच अंगांत येणारे, गंडेदोरे देणारे यांच्याकडे आधीं जाऊन पंधरवडा घालविणारींहि घरें मीं पाहिलीं. देवावर श्रद्धा असावी. काकडआरतीस गेल्यानें, दिंडींत चालल्यानें माणसास माणूस भेटतो व तें मोठें औषध आहे. पण गोळीच्या जागीं गंडा बांधूं नये.

आमच्या गांवांत आम्हीं एक लहानशी व्यवस्था केली आहे, ती इतर गांवांसहि करितां येईल म्हणून सांगतों. तिला संस्था म्हणावें असें कांहीं नाहीं. अध्यक्ष नाहीं, वर्गणी नाहीं, पावती-पुस्तक नाहीं. प्रत्येक आळींत पांच-सहा घरांची एक सावड धरली आहे. कोणाचें काम कोणीं केलें हें एका वहींत लिहितों, फेड झाली म्हणजे रेघ मारतों. वही ठेवावी कीं नाहीं यावर बराच वाद झाला. शेजारधर्माचा हिशेब कसला, असें कांहीं म्हातारे म्हणाले. पण माझा अनुभव असा कीं वही आहे म्हणूनच लोक काम सांगतात. आपलें नांव उद्यां खोडलें जाईल याची खात्री असते. ज्याच्याकडून अंगमेहनत होत नाहीं तो दुसऱ्या रीतीनें फेडतो. एका म्हाताऱ्या बाईंनीं तीन दिवसांच्या खुरपणीची फेड दोन घरांचीं मुलें सांभाळून केली. पहिल्या वर्षीं दोन आळींत तें जमलें नाहीं. एकींत भाऊबंदकीचा दावा चालू होता, दुसरींत एकानें पैरा घेऊन फेडला नाहीं. दुसरी आतां बरी चालली आहे. पहिलीचा दावा अजून कोर्टांत आहे.

माझ्या वांट्यास कागद आले आहेत. दर आठवड्यास बाजाराच्या आदल्या संध्याकाळीं मी सोसायटीच्या ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसतों. गटसचिव शेजारीं असतात, आशा कार्यकर्ती जातां-येतां थांबते, चहा आळीपाळीनें कोणीतरी आणतो. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं खाते-उतारा, सातबारा व बँकेची किंवा कोणाची नोटीस आली असल्यास ती, न फोडलेली असली तरी चालेल, बरोबर आणावी. कागद नसल्यास तसेंच यावें.